माझा रिपोर्ट, माझा हक्क

३ जून, सकाळ
लॅबने माझा प्रोस्टेटचा रिपोर्ट शेजारच्या तेलुगू लक्ष्मणरावांच्या हाती दिला. ते स्वतःचा आणायला गेले होते. काउंटरवरची म्हणे, "एकीच बिल्डिंग है ना अंकल." त्यांनी वाचला, फोटो काढला, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली: 'प्रतापरावांना कॅन्सरची शंका. प्रार्थना करा.' अख्खी नोकरी विधी खात्यात काढली आहे मी. सोडणार नाही.

४ जून
लक्ष्मणरावांच्या सत्यवतीबाई गरम पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, घेऊन आल्या. घेतले. अन्नाचा काय दोष.
टोरांटोहून लेकाचा, केदारचा फोन. त्याला लक्ष्मणरावांनीच कळवलं. दिवाळीनंतर पहिलाच. मला का नाही सांगितलं, म्हणाला. ही खासगी बाब आहे, असं ठणकावलं. मग बराच वेळ बोललो.

७ जून
घरात नुसती वर्दळ. मालती गेल्यापासून एवढे कप बाहेर निघाले नव्हते. केदारचा रोज फोन. असह्य आहे सगळं. तक्रार आजच लिहिणार होतो. पाहुणे आले.

११ जून
तक्रार पाठवली. लॅबला, आणि प्रत लक्ष्मणरावांना. मराठीत. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ जून
लॅबच्या तक्रार विभागातून हर्षदाचा फोन. मराठी घरातली, पण इथे तेलुगू मुलखातच वाढलेली, जामबागची. म्हणाली, काका, मराठी बोलते मी, वाचायला जमत नाही, तुम्हीच सांगा. सगळी वाचून दाखवली. गुणी मुलगी.

१७ जून
संपूर्ण विजय. लॅबचा लेखी माफीनामा. फोटो डिलीट. लक्ष्मणराव दारातच उभे राहिले. चुकलो, पुन्हा तुमच्या तब्येतीचा विषय काढणार नाही, म्हणाले. बायोप्सीला सोबत येणार होते, तेही राहिलं. केदार म्हणाला, बाबा, तुमच्या प्रायव्हसीत आता ढवळाढवळ करणार नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा फोन करा. समजूतदार मुलगा.

२० जून
बायोप्सी झाली. ऑटोने एकटाच गेलो. सुटसुटीत.

२६ जून
रिपोर्ट आला. सीलबंद, माझ्याच हाती. कॅन्सर नाही. कुणाला सांगायचं, हा सर्वस्वी माझा अधिकार.
जिन्यात लक्ष्मणराव भेटले. रेंगाळलो. त्यांनी उकाड्याबद्दल विचारलं. केदारला फोन लावला, मीटिंगमध्ये होता.

२८ जून
हर्षदाने विचारलं, तक्रार बंद करू? म्हटलं, काही मुद्दे बाकी आहेत. आणि बायोप्सी क्लिअर आली. ती घाईने म्हणाली, "काका, ते मला नका सांगू. तुमच्या कंप्लेंटनंतर नवा रूल आलाय, पेशंटचं काही ऐकायचं नाही."
रूल योग्य आहे. तसं मी तिला सांगितलंही, पण फोन ठेवला होता तिने.