हँग होण्याच्या वेळा

२ सप्टेंबर, मंगळवार

मेला कॉम्प्युटर आज तीनदा हँग झाला. तिसऱ्या वेळी लाथ घातली. चप्पल पायात होती म्हणून अंगठा वाचला.

साहेबांनी काढायला दिलेला शाळेच्या इमारतीचा नकाशा — तळमजला झाला होता, जिना काढत होते. अकराव्या पायरीवर माउस हलवला तर बाण जागचा हलेना. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा ५.१२ वर थांबलेलं. आधी एकेक बटण दाबलं, मग सगळी बटणं मुठीने दाबली. दोन तासांचं काम पाण्यात. कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला, दोन बटणं उडून कपाटाखाली गेली.

खरं तर राग त्याच्यावर नव्हताच. चिंगीने छापलेल्या नकाशावर दुधाचा पेला लवंडला होता. मी खुर्चीतून उठले होते. हात वर गेला होता — लिहितेच, इथे कोण वाचणार आहे — तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. मग जे निघायचं ते सगळं त्याच्यावर निघालं. चिंगी भिंतीला चिकटून बघत होती.

वड्याचं तेल वांग्यावर. पण पोरीला बोट लावलं नाही. बत्तीस दिवस झाले.

३ सप्टेंबर, बुधवार

ताईचा फोन. रोज येतो. आधी माझ्याशी इकडचं तिकडचं, मग हळूच, "चिंगीला दे." ती काय विचारते ते मला ऐकू येत नाही, उत्तरं येतात. "नाही मावशी." "नाही गं." "कॉम्प्युटरला मारलं."

एक ऑगस्टला ताईने चिंगीला आंघोळ घालताना पाठीवरचा पट्टीचा वळ पाहिला. ताई ओरडत नाही, तेच वाईट. म्हणाली, "अण्णा आपल्याला मारायचे तेव्हा आपल्याला न्यायला कोणी आलं नाही. हिच्यासाठी मी येईन. यापुढे एकदा जरी हात उचललास तर चिंगी माझ्याकडे राहील, आणि तू मध्ये यायचं नाहीस." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? हिचा बाप दुसरा संसार थाटून बसलाय. मला ही एकच आहे.

हात शिवशिवतात. खोटं कशाला लिहू? तळहातात मुंग्या येतात आणि कुणाच्या तरी गालावर ठेवून दिल्याशिवाय जात नाहीत. अण्णांचे हात असेच असतील का?

५ सप्टेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. काटकुळा माणूस, बोलताना स्क्रू दातात धरतो. डबा उघडला तर आत धुळीचा गालिचा. म्हणाला, "मॅडम, याला कोणी मारलंय का? पत्रा आत गेलाय."

"हलवताना आपटला," म्हटलं. चिंगी माझ्याकडे बघत होती. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा ती "जिन्यावरून पडले" म्हणाली होती. मायलेकी दोघी पटाईत.

तिने मोबाइलचा उजेड धरला, त्याने एकेक भाग दाखवला. ही मेमरी, हा पंखा, ही लाल वायर. वायर ढिली झाली होती. "ही जरा हलली की चित्र जिथल्या तिथे थांबतं. दाबून बसवली आणि बंद करून चालू केला, की साळसूदासारखा चालतो." त्याने घट्ट बसवली. गरम होतोय म्हणून बाजूचा पत्रा काढूनच ठेवायला सांगितला. काढला. डबा टेबलाखाली, चिंगीच्या अभ्यासाच्या चटईला लागून. घरात दुसरी जागाच नाही.

चला, सुटले.

८ सप्टेंबर, सोमवार

कसली सुटतेय. ६.०५ ला पुन्हा थांबला.

कॉम्प्युटरवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वेळ लिहून ठेवा. तुम्ही काय काढत होतात ते लिहा. घरात काय चाललं होतं तेही लिहा. न सांगता येणारा आजार असाच पकडायचा." ठीक आहे. याच वहीत लिहिते.

९ सप्टेंबर, मंगळवार

५.३५. खिडक्या मांडत होते. पंखा चालू, फ्रिज चालू. चिंगीला तेराचा पाढा येईना, तिसऱ्यांदा विचारत होते, माझा आवाज चढला होता. माउस भिंतीवर मारला. त्याचं पोट फुटलं. नवा आणावा लागेल.

१० सप्टेंबर, बुधवार

दिवसभर ठणठणीत. संध्याकाळी ७.१०. साहेबांचा फोन आदळला — म्हणजे त्यांनी मला झापलं, मी फोन आदळला — आणि पाच मिनिटांत हा हँग. डब्यावर लाटण्याने चार ठेवून दिल्या. लाटण्याचं टोक मोडलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

एकदाही नाही! सगळा पहिला मजला झाला. डोकं शांत. चिंगीने माझे केस विंचरून वेणी घातली, वाकडी. तशीच ठेवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरवाल्याने मेमरी बदलली. पंख्याला तेल दिलं. विजेचा डबा बदलला. स्क्रीनची वायरसुद्धा बदलली. तो गेला आणि ५.५० ला चिंगीच्या गणिताच्या चाचणीचा कागद हातात घेऊन ओरडत होते — वीसपैकी सहा — तर मागे सगळं थिजलेलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कागद टाकून त्याच्याकडे धावले. दोन्ही हातांनी डबा हलवला, एखाद्याला खांद्याला धरून गदगदा हलवावं तसा. नंतर त्या चाचणीचं विसरूनच गेले. आता लिहिताना आठवलं. सहा मार्क! पण राग निघून गेलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

आज हद्द झाली. सकाळपासून डोक्यात तिडीक होती. झोप नाही, दाढ ठणकतेय, त्यात चिंगीने माझी मोजमापांची चिठ्ठी केराच्या डब्यात टाकली. "तुला डोळे आहेत का भोकं?" इथून सुरुवात झाली. मी टेबलाला वळसा घालून तिच्याकडे जाणार तोच ११.२० ला हा मेला.

स्टीलची पट्टी हाताशी होती. तीच पट्टी. किती वेळा मारलं ते मोजलं नाही. पत्र्याला चिरा पडल्या, पट्टीचा कोयता झाला, माझ्या अंगठ्याचं मांस निघालं. खालच्यांनी छतावर काठी ठोकली. मी वरून ओरडले, "या वर! तुम्हालाही देते!" नंतर लाज वाटली. थोडीच.

जमिनीवर बसून धापा टाकत होते. चिंगीने पाणी आणून दिलं. माझा अंगठा रुमालात गुंडाळला. म्हणाली, "बरं वाटलं का?"

वाटलं होतं. काय सांगू?

१७ सप्टेंबर, बुधवार

सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने भरला. फायली आधी दुसरीकडे काढून ठेवल्या. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आता हँग झाला तर मी धंदा बदलतो."

६.४०. चिंगीच्या गिचमिड अक्षरावरून ओरडत होते. धंदा बदल बाबा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा मजला, गच्ची, पाण्याच्या टाक्या, सगळं झालं. उद्या सकाळी साहेबांना द्यायचं. संध्याकाळी शेवटचं सेव्ह करत होते. तेवढ्यात चिंगीच्या हातून आरशाचा तुकडा पडला — न्हाणीघरातला आरसा आधीच तडकलेला, तिने तो हात लावून पाडला. मी इथूनच ओरडले, "ये इकडे. ये म्हणते ना." ती आली, चटईवर बसली. माझ्या पायाशी, मान खाली. मी खुर्ची वळवली.

आणि सेव्ह होता होता तो थांबला. ६.२२.

चालू केला तर फाईल उघडेना. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अठरा दिवसांचं काम. काढून ठेवलेली प्रत बुधवारची, तिच्यात दुसरा मजलाच नाही.

कप स्क्रीनवर मारला. काचेला कोपऱ्यात कोळ्याचं जाळं उमटलं. मग त्या कपाची उरलेली कड घेऊन — नको. चिंगी रडत होती. आजवर मी त्याला मारताना ती कधी रडली नव्हती. "आई, फाईल गेली? खरंच गेली?" असं दहादा विचारलं. मी म्हटलं, तुला काय करायचंय?

२० सप्टेंबर, शनिवार

साहेबांनी काम दुसऱ्याला दिलं. एका वाक्यात. यापुढचंही नाही देणार.

ताईचा फोन. चिंगी म्हणाली, "नाही मावशी. पन्नास दिवस झाले, नाही." म्हणजे पोरगी मोजते आहे!

२२ सप्टेंबर, सोमवार. दुपार

कॉम्प्युटरवाला अकराला आला. मी वहीतून त्याला वेळा वाचून दाखवल्या. तेवढ्याच, बाकीचं नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, सकाळी आठ ते दुपारी साडेतीन एकदाही नाही? फक्त रविवारी सकाळी?"

नाही.

"त्या वेळात घरात काय बंद असतं?"

पंखा चालूच. फ्रिज चालूच. मी सगळं घर डोळ्यांसमोर आणलं. टेबलाखाली चिंगीची रिकामी चटई होती.

तो खाली वाकला, लाल वायरीवर उजेड टाकला. गेल्या वेळी त्याने तिथे गरम गोंदाचा थेंब लावला होता, वायर हलू नये म्हणून. गोंद कुरतडलेला होता. "हे आपोआप होत नाही. नखाने काढलंय. कोणीतरी वायर उपटतं आणि परत बसवतं." माझ्याकडे न बघता म्हणाला, "लहान मूल आहे मॅडम. खेळ वाटला असेल. समजावून सांगा."

हो म्हटलं. हसले पण.

अठरा दिवस. साहेबांचं काम. मी वेडी झाले, मध्यरात्री उठून वायरी चाचपल्या, अंगठा फाडून घेतला. आणि ही माझ्या पायाशी बसून!

साडेतीनला येते. पावणेतीन झालेत.

२२ सप्टेंबर, सायंकाळ

मारलं.

दप्तरसुद्धा काढू दिलं नाही. आधी थोबाडीत. ती टेबलाखाली शिरली, वेणीला धरून बाहेर ओढली. मग हाताला येईल तसं. ती "आई" म्हणून ओरडली नाही. वायरीकडे हात नेत होती. कॉम्प्युटर तर बंद होता! तरी तिचा हात डब्यात जात होता, चाचपत होता. मला वाटलं अजून मस्ती जिरली नाही. त्या हातावर पण मारलं.

माझा दम संपला तेव्हा थांबले. माझा दम संपला म्हणून, दया आली म्हणून नाही. ओठ फुटलाय. करंगळी सुजलीय.

"का केलंस? काय वाईट केलं होतं मी तुझं?" असं मीच विचारलं. मी!

ओठ बाहीला पुसून म्हणाली, "तू चिडलीस की मी वायर काढायचे. मग तू त्याला मारायचीस."

डब्याच्या चिरलेल्या पत्र्याकडे माझं लक्ष गेलं.

"त्याला लागत नाही ना, आई."

आणि मग, "फाईल जाईल हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवाल्या काकांनी सांगितलं होतं, परत बसवली की काहीच होत नाही."

२३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही पहिल्या पानापासून वाचली. आठ तारीख सोडली तर प्रत्येक वेळेच्या आधी माझा चढलेला आवाज आहे. आठ तारखेला काय झालं होतं ते मी लिहिलंच नाही. चिंगीला आठवतं. शाळेच्या डब्यात भाजी तशीच परत आणली होती म्हणून मी ताटली भिरकावली होती.

अकरा तारखेला एकदाही हँग झाला नाही. डोकं शांत, असं माझ्याच अक्षरात आहे.

दहा वर्षांची पोर. मी एकेक भाग बदलत बसले आणि तिने पहिल्याच दिवशी बिघाड ओळखला.

शाळेत पाठवली नाही. करंगळी डॉक्टरीणबाईंना दाखवली, मोडलेली नाही. बाईंनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत चिंगी म्हणाली, "जिन्यावरून पडले." डॉक्टरीणबाईंनी मग मलाच विचारलं, "किती पायऱ्या?" मी म्हटलं, अकरा.

संध्याकाळी ताईचा फोन. मी देत नव्हते, चिंगीने हातातून घेतला. फुटलेल्या ओठाने नीट बोलता येत नव्हतं तरी, "नाही मावशी. त्रेपन्न झाले." फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी सांगणार नाही. कधीच नाही. तू घाबरू नकोस."

तिने मला धीर दिला. मी न्हाणीघरात जाऊन ओकले. आणि खरं सांगते, त्याआधी एक क्षण बरं वाटलं होतं. सुटले असं वाटलं होतं. कोणाला कळणार नाही, चिंगी माझ्याकडेच राहील. ते बरं वाटणंच मला आता चावतंय. पुढच्या वेळीही ती सांगणार नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

ताईला मीच फोन केला. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "किती लागलंय?" कमी करून सांगितलं नाही. चारपर्यंत न्यायला येते म्हणाली.