आईनं मागितलेली मुलगी

४ जुलै

आणखी एक प्राध्यापक गळाला लागला! नाट्यशास्त्राचे सर. एरवी प्राध्यापकांना सेवा-अध्ययन समजावणं, हे कॉलेजातलं माझं काम, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सांगणार, की वर्गातला विषय मुलांनी बाहेरच्या माणसांच्या उपयोगी आणायचा, त्यातूनच शिकायचं, त्याला मार्कही द्यायचे — आणि ते घड्याळ बघणार. या सरांनी मात्र माझा नियम दोनदा म्हणवून घेतला. आपल्याला काय द्यायचंय ते घेऊन जाऊ नका, त्यांना काय हवंय ते आधी विचारा. आणि एकदा विचारलंत, की तेच द्या.

वृद्धाश्रम मीच सुचवला. आई तिथं आहे, माणसं ओळखीची. तिचीही करमणूक होईल.

१५ जुलै

सरांनी खरंच विचारलं. कुणी रेडिओ मागेल, कुणी चष्मा, असं मला वाटलेलं. बहुतेकांनी माणसं मागितली. परदेशी गेलेला मुलगा, वारलेली बहीण. सर खूश! नटांकडून माणूसच मागणार, म्हणाले, देऊ की; मुलं ती माणसं होऊन जातील.

आईनं मुलगी मागितली. मी दर रविवारी जाते!

२६ जुलै

आईच्या वाट्याला आलेली मुलगी पाहिली. वर्गात तिला ‘मुकी’ म्हणतात, सदा तोंडात मिठाची गुळणी. काम मात्र चोख. आई सांगते, ती ऐकते, पुढच्या खेपेला तशी होऊन येते. आज केस घट्ट मागे बांधलेले — शाळेत असताना मी बांधायचे तसे. आणि गुडघा चोळत आईला म्हणाली, थंडीत अजून ठणकतो गं. शाळेच्या जिन्यावरून मी पडले होते, तोच गुडघा. हे आईला आठवतं? मला ओळखायलाच तिला हल्ली किती वेळ लागतो.

७ ऑगस्ट

गुडघ्याचं आईला विचारलं. तिला काहीच आठवत नाही. मग मुकीला कुणी सांगितलं?

मन चिंती ते वैरी न चिंती. जाऊ दे.

१९ ऑगस्ट

भेटीनंतर मुलांनी गोल करून बसायचं आणि काय शिकलो ते बोलायचं, ही माझी पद्धत. सरांनी तिला नटांची रीत जोडलीय. आधी प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे भूमिका अंगावरून उतरते. मुलं भराभरा नावं सांगत गेली. मुकीची पाळी आली. तिनं माझं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट.

कुणी हसलं नाही. सरांनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, घरच्या माणसानं पाहुणीकडे बघावं तसं.

२० ऑगस्ट

सरांना म्हटलं, तिला काढा. काढतो म्हणाले, पण आईंना विचारलंत का? नियम तुमचाच आहे, मॅडम.

हात दाखवून अवलक्षण! तरी काढायलाच लावलं.

२ सप्टेंबर

आई जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी भरवायला गेले, तर हात झटकला. माझी मुलगी भरवील म्हणाली.

"आई, मीच ती."

तिनं मला निरखून पाहिलं. अगदी प्रेमानं. "नाही गं बाई. तू नाहीस."

तिच्यासमोरच रडले मी. तिनं डोळे पुसायला पदर पुढे केला. परकी समजूनच.

३ सप्टेंबर

मुकीच्या वसतिगृहावर गेले. हात जोडायचेच बाकी ठेवले. ती येईन म्हणाली, पण एक अट घातली.

"मी असेन तेव्हा तुम्ही येऊ नका. आईचा गोंधळ होतो."

आईचा. ‘तुमच्या आईचा’ नव्हे. आणि मी बरं म्हणून आले!

५ सप्टेंबर

संध्याकाळी हे म्हणाले, एवढंच सांगायला फोन केलास होय दुपारी, की आईनं दूध घेतलं? मी फोन केलाच नव्हता. ह्यांना पटेना. म्हणाले, आता इतक्या वर्षांनी तुझा आवाज ओळखणार नाही का मी?

१२ सप्टेंबर

आई पोटभर जेवते. अंग धरलंय म्हणे. ऐकून इतकं बरं वाटलं! आणि तितकाच मत्सर वाटला.

२१ सप्टेंबर

राहवेना. गेलेच. आईनं विचारलं, कोण गं तू? म्हटलं, "कॉलेजातून आलेय, आजी." केवढी खुलली! हात धरून बसवलं, मुलीचं कौतुक सांगत राहिली. माझंच. एवढं मला कधी म्हणाली नव्हती. येईलच ती, म्हणाली, भेटून जा.

दारात चपला वाजल्या. "आई," — माझ्या आवाजात.

मी उठले आणि तिला खुर्ची दिली.