पायऱ्यांवरची बुचं

ब्रेमेन, रविवार

प्रिय फोल्कर्ट,

काल न सांगताच गेलास. स्टेशनवर सोडायला आलो नाही म्हणून रुसला असशील तर रुस. मी तेव्हा डोक्यावर उंच काळी हॅट घालून कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बाटल्यांची बुचं झाडत होतो, हे तू पाहिलंसच.

सकाळ मात्र आपली होती. लेअरहून पहिल्या गाडीने आलास आणि म्हणालास, वाढदिवस तुझा, पण शहर मला दाखव, तेही पायी. वेझर नदीच्या काठावर वारा कान कापत होता, तरी तू प्रत्येक बोटीचं नाव वाचत थांबलास. नगरभवनापाशी त्या गाढवाच्या पुतळ्याचे पाय दोन्ही हातांनी धरायचे असतात, तू एकाच हाताने धरलास. असं कोणी केलं की आम्ही ब्रेमेनकर म्हणतो, एक गाढव दुसऱ्याशी हात मिळवतंय. ते ऐकून शेजारची म्हातारीही हसली. मग श्नूरच्या बोळात शिरलो. तिथे दोन माणसं शेजारी-शेजारी मावत नाहीत, म्हणूनच आपण शेजारी-शेजारी चाललो. अख्ख्या शहरात तेवढाच बोळ मला प्रशस्त वाटला.

चौकात हिन्नेर्क आणि कामावरची टोळी दबा धरून बसलीच होती. तिशी गाठली आणि लग्न नाही, तर पायऱ्या झाडायच्या, एखाद्या बिनलग्नाच्या पोरीने मुका दिल्याशिवाय सुटका नाही. तुमच्याकडेही हेच. इतरांच्या वेळी मीही पोटभर हसलोय. काल मी झाडायचो आणि ते पुन्हा उधळायचे. 'झाड बाबा, झाड, अजून गोणीभर आहेत,' हिन्नेर्क ओरडत होता. पर्यटक माझे फोटो काढत होते.

वरच्या पायरीवर आई, नवा कोट घालून. तिच्याशेजारी खालच्या मजल्यावरची इम्के, आईने मुद्दाम सोबत आणलेली. आणि खाली गर्दीत तू, दोन्ही हात खिशात. 'तो कोण रे? काकडतोय बिचारा,' आईने विचारलं. मी म्हणालो, पाहुणा आहे. झाडू टाकून चार पायऱ्या उतरायच्या होत्या, फोल्कर्ट. पाय उचललाच नाही. इम्केने गालावर ओठ टेकले, टाळ्या पडल्या, सगळे म्हणाले सुटला. गर्दीत पाहिलं, तर तू नव्हतास.

रात्री आईने कोबीची भाजी आणि सॉसेज केलं, इम्केलाही जेवायला ठेवून घेतलं. वाढता वाढता आई माझ्या नि इम्केच्या संसारासाठी वरची खोली कोणत्या रंगाने रंगवायची ते ठरवत होती. शेवटी इम्केच म्हणाली, 'काकू, मी आवडते ती तुम्हाला. ह्याला विचारलंत का कधी?'

आज सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, 'तो काकडणारा?' आणि पुढचा बटाटा उचलला. रागावली आहे की घाबरली आहे, मला कळत नाही. मीही घाबरलोय. पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. ऑक्टोबरात तुला तीस पूर्ण होतात. तुझी टोळी तुला लेअरच्या नगरभवनाच्या पायऱ्यांवर उभं करणारच. तेव्हा कुठल्या पोरीला जवळ फिरकू देऊ नकोस. नुसता झाडत राहा. मी पहिल्या गाडीने येतोय, आणि सगळ्यांसमोर त्या पायऱ्या चढणार आहे.

तुझाच, पाहुणा नसलेला,
आर्न्ड