आठवी ब मध्ये न ओरडण्याचा प्रयोग

१२ जून
मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर आज आमच्याच शाळेतल्या एका बाईंना बसवलं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी ज्युनिअर! मी शाळेत लागलो तेव्हा या कॉलेजच्या कट्ट्यावर बसत असतील. संस्थेच्या सेक्रेटरींना जाब विचारला. ते म्हणाले, बाईंचं एम.एड. झालंय, तुमचं नाही. मी म्हणालो, मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. ते म्हणाले, अनुभव सगळ्यांनाच येतो सर, डिग्री घ्यावी लागते.

घरी येऊन बॅग आपटली. हिने विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा ओरडलो. विचारायचं तर एकदाच विचारावं ना माणसाने.

निर्णय : एम.एड. करणार. पहिल्या नंबराने. मग बघू कोण कोणाच्या केबिनबाहेर उभं राहतंय ते. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोजनिशी रोज लिहिणे. चहा बंद.

१३ जून
साडेसातला उठलो. गजर झालाच नाही. हिचं म्हणणं, झाला होता, मी त्याच्यावर खेकसलो. चहा शाळेत घेतला. शाळेतला धरायचा नाही.

२७ जून
संध्याकाळचे वर्ग सुरू. सगळी पोरंसोरं. एक मुलगी मला काका म्हणाली, वर पुढची खुर्ची देऊ केली. खुर्चीला लिहायची फळी जोडलेली. फळी खाली घेतली की पोट आडवं येतं. असल्या खुर्च्या बनवणाऱ्यांना शिक्षणातलं काय डोंबल कळतं!

प्राध्यापक म्हणाले, विद्यार्थी आपलं ज्ञान आपणच तयार करतो. हात वर करून विचारलं, मग आम्ही नुसती हजेरी घ्यायची का? वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाले, छान मुद्दा आहे. छान मुद्दा म्हणजे उत्तर येत नाही. मीही वर्गात तेच करतो, मला शिकवू नका.

८ जुलै (पुढच्या वर्षीचा)
मधलं वर्ष लिहायचं राहिलं. वेळ नव्हता. पहिल्या वर्षी पहिला नंबर ‘काका’ म्हणणारीचा आला. ती माझ्या शेजारी बसायची, माझं बघून लिहिलं असणार. ही म्हणाली, मग तुमचा निदान दुसरा तरी यायला हवा होता. हिला तर्कशास्त्र कळत नाही.

यंदा लघुप्रबंध. यात दाखवतो.

२२ जुलै
गाइड म्हणून एक मॅडम मिळाल्या. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. शिक्षकाला शोभतं का हे?

माझा विषय तयार होता : ‘माध्यमिक वर्गात धाकाची अपरिहार्यता’. तेवीस वर्षं बीजगणित शिकवतोय. पोरं ओरडल्याशिवाय शिकत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. मॅडम म्हणाल्या, अपरिहार्य आहे हे आधीच ठरलंय, तर संशोधन कशासाठी? मी म्हणालो, सिद्ध करण्यासाठी. त्या म्हणाल्या, मग तपासा. आठवी अ ला नेहमीसारखं शिकवा. आठवी ब ला सहा आठवडे अजिबात न ओरडता शिकवा. धडे तेच, चाचणीही तीच. वर्गात निरीक्षक बसवा.

मी लगेच हो म्हणालो. ब तुकडी गाळात जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. बिचाऱ्यांचं सहा आठवड्यांचं नुकसान होईल, पण विज्ञानासाठी कोणीतरी सोसायला हवंच.

१ सप्टेंबर
प्रयोग सुरू. निरीक्षक म्हणून चित्रकलेचे सर. त्यांना त्या तासाला काही काम नसतं. (एरवीही नसतं.)

ब तुकडीत एकाने वजा तीन गुणिले वजा दोन बरोबर वजा सहा लिहिलं. मी ओरडलो नाही. हसलो. तो रडायला लागला.

चित्रकला सरांनी तरी दोन वेळा ‘ओरडले’ अशी खूण केली! मी विचारलं, कधी ओरडलो? ते म्हणाले, आत्ताही. ते ओरडणं नव्हतं. ठासून सांगणं होतं.

३ सप्टेंबर
व्याख्येचा प्रश्न सोडवला. शेजारच्या वर्गात ऐकू गेलं तरच ओरडणं धरायचं. चित्रकला सर शेजारच्या भूगोलाच्या बाईंना विचारून आले. बाई म्हणाल्या, सरांचं सगळंच ऐकू येतं. माझी पोरं नद्यांची नावं विसरतात, पण वर्गसमीकरणाचं सूत्र त्यांना पाठ आहे.

व्याख्या रद्द. स्टाफरूममध्ये मला मुद्दाम पंख्याखालची जागा मिळू देत नाहीत, ती हीच माणसं.

७ सप्टेंबर
ओरडायचं नाही म्हणजे करायचं काय, हे कुठल्याच पुस्तकात नाही. तोंड मिटून दात आवळले. संध्याकाळी दाढ ठणकायला लागली. घरी मिक्सरवर ओरडलो, नळावर ओरडलो, मग भाजीत मीठ कमी म्हणून हिच्यावर. हिने शांतपणे विचारलं, घर कुठल्या तुकडीत येतं? मी सांगितलं, घर संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे. ती म्हणाली, वाटलंच होतं. आणि ताट घेऊन आत जाऊन जेवली.

हल्ली बायकांना संशोधनाची किंमत नाही.

१० सप्टेंबर
ब तुकडीत एक चष्मेवाली आहे. शेवटच्या बाकावर बसते. गेल्या वर्षभरात तिचा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. आज उभी राहिली आणि विचारलं, सर, वजा गुणिले वजा अधिक का?

का म्हणजे? नियम आहे. नियमाला का विचारत नाहीत. एरवी एका वाक्यात खाली बसवली असती. पण चित्रकला सर पेन्सिल सरसावून बसलेले. ओरडता येईना, म्हणून उत्तर शोधायला लागलो. सापडेना. तेवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मुलांचा दर्जा किती घसरलाय बघा.

उद्या सांगतो म्हणालो. घरी तीन पुस्तकं काढली. तिन्हीत नियमच. पुस्तकं लिहिणाऱ्यांना घरी बोलावून झापलं पाहिजे.

११ सप्टेंबर
सकाळी दाढी करताना सुचलं. पाण्याची टाकी गळतेय, म्हणजे पाणी वजा होतंय. आता मागे जा, म्हणजे वेळ वजा. एका तासापूर्वी टाकीत पाणी जास्त होतं की कमी? जास्त! झाला अधिक. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून हिला सांगायला गेलो. तीही थांबून ऐकत होती. म्हणाली, शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर मी गणित सोडलं नसतं.

वर्गात सांगितलं. चष्मेवाली म्हणाली, म्हणजे व्हिडिओ उलटा लावल्यासारखं! मग सगळेच बोलायला लागले. कोणी लिफ्टचं उदाहरण दिलं, कोणी उतरत्या तापाचं. घंटा झाली तरी एकही जागचा हलेना. शुद्ध बेशिस्त. चित्रकला सरांनी एकही खूण केली नाही, कारण तेही तोंड उघडं टाकून ऐकत होते. असले निरीक्षक!

अ तुकडीत तोच धडा. नियम सांगितला, पाठ करून घेतला, पाच मिनिटं आधी संपवला. कोणी चकार शब्द काढला नाही. याला वर्ग म्हणतात.

१८ सप्टेंबर
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. ब च्या मुली विचारायला आल्या होत्या म्हणे, सरांना बरं नाही का? मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. केबिनच्या काचा हादरल्या. बाई म्हणाल्या, हो, आता खात्री पटली.

हसत होत्या. एकदा डिग्री हातात येऊ दे.

१४ ऑक्टोबर
चाचणी झाली, पेपर तपासले. अ तुकडी नेहमीसारखी. ब तुकडी पुढे. थोडी नाही, चांगलीच पुढे.

पुन्हा तपासले. ब चे कडक तपासले. तरी पुढेच.

कॉपी! दुसरं काय?

१८ ऑक्टोबर
फेरचाचणी घेतली. ब तुकडीवर स्वतः पहारा दिला. मान वळवू दिली नाही. ब आणखी पुढे.

कारण सापडलं. ब च्या खिडक्यांतून वारा येतो.

२० ऑक्टोबर
मॅडमना वाऱ्याबद्दल सांगितलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, वारा दर वर्षी यायचा का? मी म्हणालो, यायचा. मग दर वर्षी ब पुढे असायची का? नाही. मग त्यांनी नुसतं पुढचं पान उलटलं. हा कुठला प्रकार? माणसाने सरळ ओरडावं तरी!

५ जानेवारी
शेवटचं प्रकरण लिहिलं : ‘परिकल्पना काही अंशी, तूर्त, विशिष्ट हवामानात अनिर्णीत राहते.’ मॅडमनी लाल पेनाने खोडून परत दिलं. बाजूला लिहिलं, ‘परिकल्पना अमान्य, एवढंच लिहा.’

लाल पेन! मला! बसस्टॉपवर उभा राहून पान पुन्हा पुन्हा बघत होतो. इतकी शाई लागते का एका माणसाला? बस दोनदा निघून गेली.

१९ जानेवारी
लिहिलं. अमान्य. ही टाइप करत होती. तो शब्द आला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

२३ मार्च
तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, निवांत. सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, या प्रयोगातून तुम्ही स्वतः काय शिकलात? मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. ते म्हणाले, तरी सांगा. मी म्हणालो, मी शिकायला आलेलो नाही, एम.एड. करायला आलोय! शिपाई दार उघडून बघून गेला.

नापास होणार. होऊ दे. या परीक्षकांनी एकदा अ तुकडीला शिकवून दाखवावं.

३० एप्रिल
पास! परीक्षकांचा शेरा मॅडमनी वाचून दाखवला : ‘संशोधकाची तटस्थता दुर्मीळ आहे. स्वतःच्या स्वभावाविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी प्रामाणिकपणे मांडला आहे.’

स्वभावाबद्दल त्यांना कोणी विचारलं होतं? तरी शेरा हिला दोनदा वाचून दाखवला.

१२ मे
डिग्रीची प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली. पुढची पायरी विचारली. बाईंनी मनापासून अभिनंदन केलं. (संशयास्पद.) पर्यवेक्षकाची जागा दोन वर्षं तरी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, अ च्या काही पालकांची विनंती आलीय, आमच्या मुलांना ब चे गणिताचे सर द्या. मी म्हणालो, ब चा सर मीच. त्या म्हणाल्या, मीही तेच सांगितलं. एका मुलीचे वडील ऐकेचनात. म्हणाले, आमची मुलगी खोटं बोलत नाही, ते सर वेगळे आहेत.

यंदा नववी अ ला ब सारखंच शिकवा, असा बाईंचा हुकूम. मी साफ नकार दिला. मग घरी येऊन विचार केला. एम.एड. झालेल्या माणसाला काय अवघड आहे? पहिल्याच दिवशी दाखवतो. ब तुकडी काय, तिला मी नवखा असताना वळण लावलं. आता तर मी तज्ज्ञ.

१५ जून
शाळा सुरू. पहिला तास नववी अ.

आत गेलो. सगळे ताडकन उभे राहिले. मी हळू आवाजात म्हणालो, बसा. कोणी बसेना. पुन्हा म्हणालो, बसा मुलांनो. एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी नेहमीच्या आवाजात ‘बसा!’ म्हणालो. बसले.

मग खडू ठेवला, खुर्ची पुढे ओढली, हसलो. सांगितलं, यंदा आपण वेगळं शिकायचं. काहीही विचारा. गेल्या वर्षीचं विचारलं तरी चालेल. चुकलं तरी चालेल. मी ओरडणार नाही.

एकही हात वर झाला नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, तुला काही अडलंय का? तो उभा राहून म्हणाला, नाही सर, सॉरी सर. सॉरी कशाला, म्हणून विचारलं, तर पुन्हा सॉरी म्हणाला.

शेजारच्या नववी ब मधून चष्मेवालीचा आवाज येत होता. भूगोलाच्या बाईंना काहीतरी ‘का’ म्हणून विचारत होती. अ मधली सगळी मुलं खाली मान घालून बसली होती. मीही बसून राहिलो. तास संपायला अजून बराच वेळ होता.