सुमनबाईंचे चार कॉलम

३ एप्रिल
भीमपूरकडच्या वस्तीत सरकारी घरकुलांची पाहणी. सुमनबाईंच्या घराचे कॉलम उभे, कालच फळ्या काढल्या. एकावर हातोडी मारली तर खडी गळाली, आत सळई उघडी. बाकी तीन तसेच. मिस्त्री म्हणे, "प्लास्टरमंदी झाकून जाते, मॅडम." पास केलं नाही. फोडून पुन्हा ओता, असं लिहून आले.
सुमनबाईंनी जुनं कुडाचं घर याच जागेसाठी पाडलंय. ताडपत्रीखाली राहतात, सून सातव्या महिन्यात.

४ एप्रिल
आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यालेबी घरकुलच भेटलं होतं. पावसात भित्तीले हात लावू देत नव्हता तुहा बाप, पडन म्हणे."

७ एप्रिल
ऑफिसातून साहेबांचा फोन. माझ्याच मंडलातली घरं मागे का? "काम झाल्याचा फोटो ॲपवर चढवा, बाकीचं होत राहील." हो म्हटलं. चढवला नाही. डबा तसाच परत आणला.

९ एप्रिल
पुन्हा गेले. कॉलम तसेच. सुमनबाई म्हणाल्या, "तुमी पक्क्या घरात राह्यता, बाई. सुनेले घेऊन मी कुठी जाऊ?"
हातोडी त्यांच्या हातात दिली. तीनदा मारली, मग थांबल्या. सळईवरून बोट फिरवलं, गंज पाहिला. मिस्त्रीला एवढंच म्हणाल्या, "फोड."

१८ एप्रिल
नवे कॉलम भरीव. सुमनबाई स्वतःच गोणपाट गुंडाळून पाणी मारून राहिल्यात. सून गुडीहत्नूरला, माहेरी. साहेबांनी दोनदा विचारलं. पूर्ण झालेल्या घरांच्या यादीत मी सगळ्यात खाली.

२२ एप्रिल
सुमनबाईंचा फोन. "बाई, शेजारी गंगूबाईच्या घरी हातोडी मारून पाह्यली. प्लास्टर पडलं. आत तसंच दिसून राह्यलं. काऊन?"
गंगूबाईंचं घर दिवाळीआधी पास झालं. मीच केलं. त्या आठवड्यात गेलेच नव्हते, मिस्त्रीने पाठवलेले फोटो पाहून... पाच माणसं राहतात तिथं.
"उद्या येते," म्हटलं.
"तवर गंगूबाईले काय सांगू?"
काही सांगू नका, असं तोंडात आलं होतं. "सांगा, घरात झोपू नका. अंगणात झोपा."
"आन् कोणी पास केलं म्हणून इचारलं तर?"
"मी."
पलीकडून फोन बंद.
साहेबांना कळवायला कागद घेतलाय. लाभार्थीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. तपासणी कोणी केली, तिथं माझं नाव लिहिलं.