फुंकरीचा रंग

मुरबाड,
ता. २ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय भिमीबाय,

मंगळूचा पाया पडून नमस्कार. धोंडीदाजींनापण. रोशनीला पापा... नको, पापा राहू दे. तिला नुसतं सांग, मामाची चिठ्ठी आली.

ही चिठ्ठी तूच वाच, सावकाश, अक्षरं लावत. शेजारच्या प्रेमाकडून वाचून घेऊ नको. अक्षय दुधाची गाडी घेऊन रोज किन्हवलीला येतो, त्याच्या हाती देतोय, उद्या सकाळी पोचेल. फोन दोनदा केलेला. पण दाजी फोन घेतला का स्पीकर लावतात, मग अख्खा पाडा माझ्याशी बोलतो. "जेवलीस का" विचारून ठेवून दिला.

तू रागावली असशील. दसऱ्याच्या आधी मीठ-मिरची आणायला शहापूरला गेलो तो आलोच नाय. तू म्हणायचीस, "तुज्या पायाला चाकं हायत रे मंगळू, आधी पोरीला झोपव आन् मग जा कुटं जायचं त्ये." चाकं हायत हे खरं. वैशाखऱ्याच्या ढाब्यावर भांडी घासली, आसनगावला मंडप बांधले, आता मुरबाडला एमआयडीसीच्या बाजूला एका लॅबमध्ये हाय. काचा धुतो, फरशी पुसतो. पण चाकांमुळे नव्हतो गेलो.

आधी लॅबचं सांगतो.

इथे दिपिका मॅडम हायत, तुझ्याच वयाच्या. त्या सिलिकॉनच्या तुकड्यावर काम करतात. नखाएवढा तुकडा, चिप म्हणतात त्याला, ॲसिडात ठेवून वीज लावून त्याला भोकं पाडलेली, इतकी बारीक का डोळ्याला दिसतच नायत. दिसतो तो रंग. हिरवा, पारव्याच्या मानेवर असतो तसा. त्यावर फुंकर घातली का श्वास त्या भोकांत शिरतो आणि हिरव्याचा तांबडा होतो. जरा थांबलं का परत हिरवा. बाय, मॅडम यायच्या आधी मी किती वेळ तेच करत बसायचो. फुंकर, तांबडा. थांबायचं. हिरवा. वाटायचं, आत कोणतरी झोपलंय आणि कूस बदलतंय.

मग त्यावर थेंब सुकवून तो तुकडा मशीनमध्ये ठेवतात. लेझर लखकन चमकतो, आणि थेंबातले कण विजेचा भार घेऊन उडतात, एका लांब नळीतून पळत सुटतात. आत हवासुद्धा नसते. हलके आधी पोचतात, जड मागून. म्हशाच्या जत्रेला जाताना पोरं पुढं पळतात आणि बाईजाआत्या गुडघे धरत मागून येते, तसं. कोण कधी पोचलं त्यावरून वजन, वजनावरून नाव. (यंदा जत्रेला गेलोवतो. तुझ्यासाठी घोंगडी घेतली. पिशवीतच हाय.)

दुसऱ्या पद्धतीत म्हणे थेंबात एक पूड मिसळतात, मग ती पूडच एवढा कालवा करते का बारक्या कणांचं काय ऐकू येत नाय. सिलिकॉनला तसलं काय मिसळावं लागत नाय. मॅडम म्हणतात, "हा स्वतः गप्प राहतो, म्हणून बारकं ऐकू येतं." म्हणूनच त्याला उघडा हात लावायचा नाय.

मी लावला. बुधवारी फुंकर घातल्यावर हिरवा लवकर परत येईना. वाटलं, ओल राहिली. भात सुकलं का ते आपण दाणा बोटाने दाबून बघतो ना, तसं दाबून बघितलं.

दुपारी मॅडमनी हाक मारली. मशीनच्या पडद्यावर एक टोक उभं होतं, माहुलीच्या सुळक्यासारखं. एकशे अडतीस वजनाचं.

"मंगळू, चिपला हात लावलास?"

"नाय."

"मी हा कण फोडून पाहिला. टीबीच्या गोळीतलं औषध आहे. माझ्या थेंबात ते नव्हतं, या खोलीतही नाही."

मी बोट पाठीमागे नेलं. रोज सकाळी गोळ्या हातावर घेतो, त्याचाच कण असेल नायतर घामातला. मॅडम म्हणाल्या, दोन्ही होऊ शकतं.

हां बाय. मला टीबी हाय. लिहिलं एकदाचं.

वाटलं, आता हाकलतील. त्यांनी मला बसायला स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे तुझ्या? लहान मूल आहे का?"

हाच प्रश्न दसऱ्याच्या आधी शहापूरला दवाखान्यातल्या बाईंनी विचारलावता, थुंकीचा रिपोर्ट हातात धरून. मी सांगितलेलं, एकटाच हाय. घर नाय, कोण नाय. आईच्या खोकल्याच्या वेळेला विहिरीवर आपली घागर बाजूला ठेवायला लावलेली, ते डोळ्यासमोर आलं. तुझी घागर वाचवतो असं वाटलं. आणि पळालो.

पण तू चुलीजवळ असायचीस तेव्हा रोशनी माझ्या मांडीवर असायची. रडायला लागली का मी तिच्या तोंडावर फुंकर घालायचो. ती डोळे मिटायची, हसायची, परत तोंड वर करायची. अजून पायजे म्हणून. श्रावण, भादवा, दोन महिने. तेव्हा मी खोकत होतो, आणि तू म्हणायचीस बिडी सोड. लॅबमध्ये सकाळी सकाळी मी तेच करत होतो, हे मला त्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

मॅडमना आधी "नाय" म्हणालो. मग म्हणालो, "हाय. भाची."

गुरुवारी शहापूरच्या त्याच दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगितलं. बाई लय रागावल्या, मग नवीन कागद काढला. आशाताई येईल, दार लावू नको. तुम्हाला तिघांना तपासतील. एवढ्या बारक्या पोरीला आजार नसला तरी आधीच औषध देतात, फुकट. पण ती खोकत असेल, अंग धरत नसेल, ताप येत असेल तर कोणाची वाट बघू नको, ही चिठ्ठी वाचून उठ आणि तिला दवाखान्यात ने. पाडा बोलला तर माझं नाव सांग. खरं तेच हाय.

माझी थुंकी आता साफ आलीय. गोळ्या अजून दोन महिने.

तो तुकडा मॅडमकडे मागितला. म्हणाल्या, "नाही. तुझं तोंड खोटं बोललं, बोट खरं बोललं. ते माझ्या फाईलला राहू दे."

मंगळवारी दुपारच्या एसटीने किन्हवलीला उतरतो. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून चिठ्ठी पुढे पाठवली. फाट्यावर थांबेन. पाड्यात येऊ का नको ते तू सांग. नको म्हणालीस तर घोंगडी दगडावर ठेवीन, आणि तुम्ही दवाखान्यात निघालात का मागून येईन, चार पावलं लांबून. रोशनी आता धरून उभी राहत असेल. विसरली असेल मला. नसली विसरली, आणि तोंड वर करून बघायला लागली, तर तिला पदराआड घे बाय. मला बघवणार नाय.

त्या कागदावर 'घरात एकूण माणसं' असा रकाना होता. मी चार सांगितली.

त्यातला चौथा,
मंगळू