कावीळ सांगितली होती

१८ सप्टेंबर, गुरु.
एम.ए.चं दुसरं वर्ष, आणि आज पहिल्यांदा समुपदेशनाचा सराव. जोड्या पाडल्या. एकीने अडचण सांगायची, दुसरीने ऐकायची. मॅडम म्हणाल्या, खरं सांगितलं तरी चालेल, इथलं इथेच राहतं. माझ्या वाट्याला ऋतुजा. बरं झालं. बी.ए.पासून एका बाकावर बसतो, तिच्या डब्यातलं मी खाते, माझ्यातलं ती.

परीक्षेची भीती वगैरे रचून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि बाबाच बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी ते पलंगावरून उठेनासे झाले. त्यांच्या कंपनीत आम्ही कावीळ सांगितली. खरं म्हणजे नैराश्य, ते ठाऊक फक्त आईला, मला आणि डॉक्टरांना. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी वाढली की आई रडायची, म्हणून रोज सकाळी मी त्यांची दाढी करून द्यायचे. आता गोळ्या चालू आहेत, कामावर जातात, तरी कंपनीत अजून कावीळच.

ऋ. ऐकत राहिली. मी रडले. हलकं वाटलं. चांगली समुपदेशक होणार ही. तिला तसं म्हटलंही.

३० सप्टें., मंगळ.
डिपार्टमेंटचा मानसिक आरोग्य सप्ताह. कोणी कुठे बोलायला जायचं ते विभागप्रमुख सरांनी सांगितलं. शाळा, वृद्धाश्रम, हिंगण्याची एक कंपनी. बाबांचीच! सरांना म्हटलं, मला वृद्धाश्रमात टाका. कंपनीत ऋ. जाणार. बाबा तिथे आहेत हे तिला माहीत नाही. मीही बोलले नाही. बोलून काय करायचं होतं?

घरी बाबांना सांगितलं.
"तू नाही येशील काय?"
नाही म्हटलं.
"आली असतीस तं दाखवलं असतं सगळ्यायले, माही पोरगी म्हणून."

८ ऑक्टो., बुध.
वृद्धाश्रम मजेत. एका आजींनी आपल्या नातवाशी माझं लग्न ठरवूनच टाकलं. हसत घरी आले.

बाबा आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मग आईला सांगितल्यासारखं, माझ्याकडे न बघता:
"इच्या कॉलेजच्या पोरी आल्या होत्या. एकीनं चांगलं सांगितलं. एक कामगार होता म्हणे, पलंगावरून उठेच ना. भिंतीकडे तोंड करून बसे. त्याची पोरगी रोज त्याची दाढी करून दे. कंपनीत कावीळ सांगितली म्हणे."
आईच्या हातातली कढई हातातच.
"लोकं हसले. म्हणे मजा आहे लेकाची, घरीच सलून. मी बी हसलो."
कप विसळून ठेवला, आत गेले. जेवले नाहीत. आईने माझ्याकडे पाहिलं.

९ ऑक्टो., गुरु.
ऋ.ला कँटीनमागे गाठलं. आधी तिला समजेचना. मग म्हणाली, "अगं, पण मी नाव कुठे घेतलं?"
कावीळ घेतलीस. दाढी घेतलीस. आणखी काय राहिलं माणसाचं?
"तुझे बाबा तिथे आहेत हे मला काय माहीत?"
म्हणजे नसते तर चाललं असतं.

मग रडली. सर म्हणाले होते, नुसत्या माहितीने कामगार जांभया देतात, एखादी गोष्ट सांग. तिला एकच गोष्ट येत होती. माझी. वर म्हणते, "लोकांना खूप पोचलं गं." थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, निघून आले. माझा डबा तिच्या पिशवीतच राहिला.

तासाला सरांनी तिचं कौतुक केलं. फार हृदयस्पर्शी मांडणी म्हणे. टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. बापाचीच लेक.

१० ऑक्टो., शुक्र.
मॅडमकडे गेले. इथलं इथेच म्हणणाऱ्या त्याच. नीट ऐकून घेतलं. चूक झालीच आहे म्हणाल्या. तक्रार दे, मी पुढे नेते, ऋतुजाची इंटर्नशिप थांबेल. पण समितीपुढे सांगावं लागेल, गोष्ट कोणाची होती ते. समितीत सर आहेत. कंपनीतही विचारणा होईल. वा! गुपित फोडलं म्हणून न्याय पाहिजे, तर ते आणखी चारचौघांत फोडा.
"सोमवारपर्यंत विचार कर," म्हणाल्या.

११ ऑक्टो., शनि.
बाबा कामावर गेले नाहीत. दाढी केली नाही. मी हनुवटीकडे बघते ते त्यांना कळतं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तशी काहून पाहतं वं त्यायले? बाप आहे तुहा, पेशंट नाही."

शेवटी दारात उभी राहून बोलले. बाबा, मी तिला शिकताना सांगितलं होतं. ते तिथेच राहायचं होतं.
बाबा म्हणाले, "मले इचारलं असतं तं हो म्हटलं असतं का, मालूम नाही. पण इचारलं तं पाह्यजे होतं."

खरं आहे. पण माझं आणि तिचं सारखं नाही. नाहीच. मी रडत सांगितलं, तिने माईकवर.

१२ ऑक्टो., रवि.
ऋ.चे मेसेज. उघडले नाहीत.
दुपारी बाबांनी स्वतः दाढी केली. गालावर कापलं. तुरटी मागितली. मी दिली.

१३ ऑक्टो., सोम.
बाबा कामावर. मॅडमकडे बुधवारपर्यंत वेळ मागितला.

संध्याकाळी बाबा आपणहून बोलले. त्यांच्या लाईनवरचे मेश्रामकाका जेवणाच्या सुट्टीत जवळ आले. कावीळ सांगितल्यापासून बाबांच्या पोह्यांवर तिखट रश्श्याची तर्री पडू न देणारे ते हेच.
"तुले कावीळच झाली होती ना गा?" म्हणे.
बाबांनी डब्याचं झाकण लावलं.
"माही बायको उठूनच नाही राहिली. दिवाळी आली, कशाले हात नाही लावत. त्या पोरीनं सांगितलं ना, तशीच बसते. त्या माणसाचा डॉक्टर कोण होता, कोणाले इचारू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"
"पाहतो म्हटलं." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरचं नाव सांगितलं तं समजलाच तो. नाही सांगितलं तं त्याची बायको तशीच बसते. तुमच्या पुस्तकात काय लिहिलं आहे याच्यावर?"

काही लिहिलेलं नाही. आणि मला राग येतो तो याचाच. ऋ. म्हणाली होती, पोचलं. पोचलं मेलं! म्हणून तिला माफ करायचं? एका बाईचं भलं झालं की माझ्या बापाला हसावं लागलं ते फिटतं का? मी नाही करणार. निदान आज तरी.

१४ ऑक्टो., मंगळ.
मॅडमच्या दारापर्यंत गेले, परत आले. पायऱ्यांवर ऋ. बसली होती, माझा डबा मांडीवर घेऊन. घासलेला. मी घेतला आणि पायऱ्या उतरले.

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. कंपनीची बस चौकात थांबली. बाबा उतरले, मागून मेश्रामकाका. ते राहतात तिकडे हिंगणा नाक्याला, इथे आमच्या इतवारीत त्यांचं काय काम? दोघं पानठेल्याशी उभे राहिले. बाबा बोलत होते, काका खाली बघून ऐकत होते. मग बाबांनी हात वर नेला आणि स्वतःच्या गालावरून हळूच खाली आणला, मी वस्तरा फिरवायचे तसा. या वेळी कोणी हसलं नाही.

एवढ्या वरून काही ऐकू येत नव्हतं. तरी ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून कपडे उचलून खाली घरात आले.

उद्या मॅडमना उत्तर द्यायचं आहे. त्याआधी बाबांना विचारीन.